तीव्र दमा असताना सर्दी-फ्लू झाला तर: पहिल्या शिंकेपासून पुढचे सहा आठवडे

"नुसती सर्दी आहे, दमा अजून ठीक आहे." तीव्र दम्याचा पेशंट असलेल्या घरात हे वाक्य ऐकू आलं की दोन-तीन मोलाचे दिवस हातचे गेले असं समजायचं. नाक वाहायला लागतं तेव्हाच श्वासनलिकांमध्ये सूज वाढायला सुरुवात झालेली असते. धाप मात्र बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी लागते. चुका होतात त्या याच मधल्या दिवसांत. कुणी रोजचा पंप बंद करतं, कुणी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतं, कुणी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसतं. मग रात्री दोनला रिक्षा शोधायची वेळ येते.

तीव्र दमा म्हणजे स्टेरॉईडचा जास्त मात्रेचा पंप आणि त्याच्या जोडीला श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारं औषध, हे दोन्ही नेमानं आणि बरोबर पद्धतीनं घेऊनही आटोक्यात न राहणारा, किंवा मात्रा थोडी कमी केली की पुन्हा उसळणारा दमा. पंप नीट न ओढल्यामुळे बिघडलेला दमा हा वेगळा प्रकार, आणि तो संख्येनं कितीतरी जास्त आढळतो. खाली दिलेल्या मात्रा मोठ्या माणसांच्या, सर्वसाधारण वापरातल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वेगळं सांगत असेल तर तो कागदच खरा. लहान मुलांच्या मात्रा वेगळ्या असतात, त्या बालरोगतज्ज्ञांकडूनच लिहून घ्या.

## क्रम का पाळायचा

सर्दीचे विषाणू अनेक आहेत. दमा उसळवण्यात सर्वांत मोठा वाटा रायनोव्हायरसचा. शिवाय इन्फ्लुएंझा, आरएसव्ही, मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा आणि कोविड आहेतच. बऱ्याच दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन कमी किंवा उशिरा तयार करतात, त्यामुळे विषाणूला जम बसवायला वेळ मिळतो. त्यात आधीपासून असलेली ॲलर्जीची सूज आणखी भडकते, चिकट कफ नलिका बुजवतो आणि भोवतीचे स्नायू आवळतात.

आरामाचा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, फक्त स्नायू सैल करतो. सूज आणि कफ यांवर त्याचा काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी "पंप लागू पडत नाही" अशी तक्रार येते ती यामुळेच. सूज उतरवायचं काम स्टेरॉईडचं, आणि त्याला वेळ लागतो. पोटातून घेतलेल्या गोळीचा परिणाम दिसायलाही काही तास जातात. म्हणून सूज रोखणारं औषध आधी, मोजमाप रोज, आणि आरामाचा पंप लागेल तेव्हा, असा क्रम आहे. तो उलटा झाला की ॲडमिट व्हायची वेळ जवळ येते.

## टप्पा 1: पावसाळ्याआधीची तयारी

यात चालढकल केली तर पुढचे टप्पे कागदावरच राहतात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, बहुधा लहान, थंडीच्या शेवटी. त्यामुळे तयारीचे महिने एप्रिल आणि मे.

लस. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून ती पाऊस सुरू होण्याआधी घ्या. इंजेक्शनचीच घ्या. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूंची असते, ती तीव्र दम्यात टाळतात. न्यूमोकॉकल (न्यूमोनियाविरुद्धची) आणि कोविडच्या लसीबद्दल त्याच भेटीत विचारा. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब किंवा ड्युपिलुमॅब अशी बायोलॉजिक इंजेक्शनं (सूज भडकवणारे ठरावीक रेणू रोखणारी) सुरू असतील तर ती आणि लस एकाच दिवशी घेऊ नका, म्हणजे त्रास झालाच तर कशामुळे झाला ते कळेल. पोटातून स्टेरॉईडचा कोर्स सुरू असेल तर लसीची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा.

पीक फ्लो मीटर. फुंकर मारून श्वासनलिका किती मोकळ्या आहेत ते दाखवणारी ही स्वस्त प्लास्टिकची नळी. प्रकृती चांगली असताना दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ उभं राहून, पूर्ण श्वास भरून, तीनदा जोरात फुंका आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. दोन आठवड्यांतला सर्वोच्च आकडा हा तुमचा स्वतःचा 'उत्तम आकडा'. पुढचे सगळे निर्णय याच आकड्याच्या टक्केवारीवर होतात. शेजारच्याचा आकडा किंवा डब्यावरच्या तक्त्यातली सरासरी इथे कामाची नाही.

कृती-योजनेचा कागद. डॉक्टरांकडून एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या: रोजचं औषध कोणतं आणि किती, त्रास वाढला की नेमकं काय वाढवायचं, स्टेरॉईडच्या गोळ्या कोणत्या आकड्याला सुरू करायच्या आणि किती मिलिग्रॅम, आणि दवाखाना केव्हा गाठायचा. डॉक्टर घाईत असतात, स्वतःहून लिहून देतीलच असं नाही. मागून घ्या. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण धाप लागलेल्या माणसाला कपाटातला कागद शोधता येत नाही.

पिशवी. भरलेला आरामाचा पंप, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी), डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉईडच्या) गोळ्या, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर (कोविडच्या काळात घेतलेला असेल तर आधी त्याचे सेल बदला), ताजं प्रिस्क्रिप्शन आणि ॲलर्जी असलेल्या औषधांची यादी.

> तपासा: पंपावर डोस काउंटर असेल तर त्यावरचा आकडा बघा. डबी पाण्यात तरंगते की बुडते यावरून औषध किती उरलं ते कळत नाही. ती जुनी आणि चुकीची युक्ती आहे. औषध संपल्यावरही नुसता वायू फसफसत राहतो आणि पेशंटला वाटतं, पंप घेतोय.

> खबरदारी: रोटाकॅपसारख्या (आतली पावडर यंत्रातून श्वासानं ओढायच्या) कॅप्सूल पावसाळ्यात दमट होतात आणि पावडर गोळा होऊन आत चिकटते. कॅप्सूल वापराच्या वेळीच पाकिटातून काढा, बाथरूममध्ये किंवा ओट्याजवळ ठेवू नका. आणि ती गिळायची नसते. हे लिहावं लागतंय, कारण गिळणारे खरंच भेटतात.

## टप्पा 2: पहिला दिवस. घसा खवखवतोय, नाक वाहतंय

छातीत काहीच नाही, तरी पुढच्या गोष्टी आजच करायच्या, याच क्रमानं.

1. पीक फ्लो मोजा आणि तारीख-वेळेसह लिहा. आजचा आकडा चांगला आला तरी तो हवाच, कारण उद्याची घसरण त्याच्याशीच तुलना करून कळणार आहे.

2. रोजचा पंप चालू ठेवा, एकही वेळ चुकवू नका. "स्टेरॉईडनं प्रतिकारशक्ती कमी होते, सर्दी असेपर्यंत बंद ठेवू" हा विचार या सगळ्यातला सर्वांत महागात पडणारा. पंपातलं औषध बंद केलं की सूज मोकाट सुटते. बायोलॉजिकची तारीख याच आठवड्यात असेल तर ती आपल्या मनानं पुढे ढकलू नका, फोन करून विचारा.

3. कृती-योजना उघडा आणि 'त्रास वाढला की' हा रकाना वाचून ठेवा.

4. फ्लू आहे का ते ओळखायचा प्रयत्न करा. साधी सर्दी हळूहळू चढते. फ्लू बहुधा एकदम येतो: ताप, अंग ठणकणं, डोकेदुखी, उभं राहवत नाही असा थकवा. असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "मला तीव्र दमा आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. दमेकरी जास्त जोखमीच्या गटात येतात, त्यामुळे स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघत थांबायची गरज नसते. ते सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, वेळेत पोचणं तुमच्या हातात. झॅनामिविर हे श्वासातून घ्यायचं फ्लूचं औषध दम्यात टाळतात, त्यानं श्वासनलिका आवळू शकतात.

5. कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर कोणतंही विषाणूविरोधी औषध सुरू होण्याआधी पंपांची नावं डॉक्टरांना दाखवा. रिटोनाविर असलेली औषधं साल्मेटेरॉल, फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाईड या पंपांतल्या औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतात.

6. तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो. नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील किंवा वास येणं कमी झालं असेल तर विशेष सांभाळा. मेडिकलमधल्या 'अंगदुखी-तापाच्या' मिश्र गोळ्यांमध्ये बहुधा यांतलंच काहीतरी असतं. पाकीट उलटून घटक वाचा.

आता काय करायचं नाही. वाफेनं नाक मोकळं वाटतं, पण छातीतल्या सुजेवर तिचा परिणाम होत नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं उलटून भाजल्याच्या घटना, विशेषतः मुलांच्या बाबतीत, दरवर्षी घडतात. बाम, कापूर, निलगिरी यांच्या उग्र वासानं काहींचा दमा उलट चाळवतो. काढा प्यायला हरकत नाही, फक्त तो पंपाच्या जागी नको. धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल घरातून निदान दोन आठवडे हद्दपार करा. सासूबाई रागावल्या तरी चालेल. झोप आणणारी खोकल्याची सिरप आणि झोपेच्या गोळ्या टाळा. धाप वाढत असताना गुंगी आली तर बिघाड कळतच नाही.

अँटिबायोटिकचा मोह सगळ्यांत मोठा. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, असा सरसकट समज आहे. विषाणूच्या संसर्गातही कफाचा रंग बदलतो, आणि दम्यात तर सुजेच्या पेशींमुळेही. ताप उतरून पुन्हा चढला, छातीत एका बाजूला दुखतंय, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला, अशी ठोस कारणं असतील तर डॉक्टर देतील. उरलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेऊन वाट बघण्यात दोन दिवस जातात, आणि तेच नेमके स्टेरॉईड सुरू करायचे दिवस असतात.

## टप्पा 3: दुसरा ते चौथा दिवस. मोजा आणि वेळेवर पाऊल वर टाका

पीक फ्लो सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, आरामाचा पंप घ्यायच्या आधी मोजा. जोडीला तीन गोष्टी लिहा: रात्री दम्यानं जाग आली का, आरामाचा पंप किती वेळा लागला, आणि जिना चढताना काल आणि आज यात फरक पडला का.

आकडा उत्तमच्या 80 टक्क्यांच्या वर, रात्र शांत: चालू औषध तसंच ठेवा, मोजत राहा.

आकडा 60 ते 80 टक्के, किंवा रात्री जाग येतेय, किंवा आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागतोय: योजनेतली वाढ आता करा. ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल हा एकच पंप रोजचा आणि आरामाचा म्हणून दिलेला असेल, तर त्रास होईल तेव्हा त्याचेच जादा पफ घ्यायचे असतात. 200/6 ताकदीच्या (एका पफमध्ये ब्युडेसोनाईड 200 आणि फॉर्मोटेरॉल 6 मायक्रोग्रॅम) पंपासाठी मोठ्या माणसाची दिवसभराची एकूण मर्यादा 12 पफ. मर्यादेजवळ पोचलात तर फोन उचलायची वेळ झाली.

> खबरदारी: साल्मेटेरॉल किंवा व्हिलँटेरॉल असलेला पंप आपल्या मनानं दुप्पट करू नका. सगळे पंप वाढवण्यासाठी नसतात. आधीच जास्त मात्रेवर असलेल्या पेशंटनं स्टेरॉईडचा पंप दुप्पट केल्यानं फारसा फायदाही होत नाही. तुमचा पंप कोणत्या प्रकारचा हे माहीत नसेल तर टप्पा 1 मधला कागद अपुरा आहे.

आकडा 60 टक्क्यांखाली, किंवा दोन दिवस वाढ करूनही फरक नाही, किंवा घसरण भराभर होतेय: योजनेत लिहिलं असेल तर प्रेडनिसोलोन सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मोठ्या माणसांना बहुधा रोज सकाळी 40 ते 50 मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस, असा कोर्स देतात. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्धवट सोडू नका. इतक्या छोट्या कोर्सनंतर मात्रा हळूहळू कमी करत आणायची गरज सहसा पडत नाही.

दोन गटांनी इथे जास्त जपायला हवं. मधुमेह असेल तर स्टेरॉईडनं साखर वाढते, जास्त करून दुपारनंतर. फक्त उपाशीपोटीची तपासून समाधान मानू नका, आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. दुसरा गट रोज स्टेरॉईडची गोळी घेणाऱ्यांचा. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवणाऱ्या ग्रंथी, मंदावलेल्या असतात, त्यामुळे आजारपणात गोळी चुकली किंवा उलटीनं पडली तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. उलट्या थांबत नसतील तर घरी थांबू नका, ही वेळ इंजेक्शनची असते.

> तपासा: ऑक्सिमीटरवर 96 दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. दम्यात ऑक्सिजन उशिरा घसरतो, पीक फ्लो आधी. नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं आकडा चुकवतात. आकडा 94 च्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना, 92 च्या खाली गेला तर त्या क्षणी.

घरच्या नेब्युलायझरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो असेल तर असू दे, पण त्याच्यावर विसंबू नका. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून घेतलेला पंप तितकंच काम करतो, वीज गेली तरी करतो, आणि वाफाऱ्यातून विषाणू खोलीभर पसरत नाही. खरा तोटा वेगळाच आहे. मशीन घरात आहे या भरवशावर लोक दर दोन तासांनी वाफारा घेत रात्र काढतात आणि सकाळी थकून दवाखान्यात येतात. आरामाचं औषध चार तासांच्या आत पुन्हा लागायला लागलं तर घरचे उपाय संपले.

## टप्पा 4: झटका आला

यांतलं एकही लक्षण दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, 108 ला फोन करा: एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू आत ओढले जातायत, आडवं होता येत नाही, गोंधळलेपणा किंवा गुंगी, पीक फ्लो 50 टक्क्यांखाली. आधी छातीत सूं-सूं आवाज येत होता आणि आता धाप तशीच असताना आवाज थांबला, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवाच आत जात नाहीये.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत:

1. ताठ बसवा, पुढे थोडं झुकू द्या. आडवं करू नका. कपडे सैल करा.
2. साल्ब्युटामॉलचा पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच पफ सोडा आणि चार-पाच सावकाश श्वास घेऊ द्या. मग पुन्हा हलवून पुढचा. असे 4 ते 10 पफ. एकदम तीन-चार पफ स्पेसरमध्ये सोडले तर औषध भिंतींना चिकटतं.
3. 20 मिनिटांनी पुन्हा तेवढेच. पहिल्या तासात असं तीनदा करता येतं.
4. योजनेत असेल आणि आज घेतली नसेल तर प्रेडनिसोलोनची गोळी द्या.
5. पफ किती आणि किती वाजता दिले ते हातावर लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

पावडरचा पंप जोरात ओढावा लागतो, झटक्यात तेवढा जोर नसतो. म्हणून पावडरवर असलेल्यांकडेही एक फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर हवाच.

खेड्यात 108 ला वेळ लागणार असेल तर गाडीनं निघा, पण पंप आणि स्पेसर हातात ठेवून, वाटेत पफ देत. पेशंटनं स्वतः गाडी चालवायची नाही, आणि दुचाकीवर मागे बसवूनही न्यायचं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर सांगायच्या गोष्टी थोड्याच: तीव्र दमा, आधी कधी आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर होतात का, शेवटचा स्टेरॉईडचा कोर्स कधी झाला, बायोलॉजिक कोणतं, कोणत्या गोळ्या चालत नाहीत. हे नातेवाइकानं सांगावं, पेशंटनं श्वास घ्यावा.

## टप्पा 5: सर्दी गेली, पुढचे सहा आठवडे

घरी सोडल्यावर किंवा स्टेरॉईडचा कोर्स सुरू केल्यावर दोन ते सात दिवसांत डॉक्टरांना पुन्हा दाखवा. बरं वाटत असलं तरी. ही भेट बहुतेक जण टाळतात.

विषाणू गेल्यावरही श्वासनलिका काही आठवडे चिडखोर राहतात. फोडणीचा ठसका, गार वारा, जोरात हसणं, एवढ्यानंही खोकला येतो. पीक फ्लो उत्तम आकड्याजवळ स्थिरावेपर्यंत रोजचं औषध कमी करू नका. जादा पफही डॉक्टरांनी सांगितल्यावरच कमी करा. मात्रा वाढलेली असताना पंप घेतल्यावर गुळण्या विसरू नका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि हवेत वाळू द्या. फडक्यानं पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि पुढच्या वेळी औषध भिंतीला चिकटतं. वापरलेल्या गोळ्या आणि संपलेला पंप लगेच भरून पिशवी पुन्हा पूर्ण करा.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. पंप त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. नुसतं "बरोबर घेतो" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण पफ आधी सोडतात आणि श्वास नंतर ओढतात. पोटातून घेतलेल्या स्टेरॉईडच्या प्रत्येक कोर्सची तारीख वहीत असू द्या. वर्षात असे दोन कोर्स झाले असतील आणि पंप घेण्याची पद्धत बरोबर असेल, तर रक्तातले इओसिनोफिल (सुजेतल्या पांढऱ्या पेशी) आणि आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) यांच्या तपासण्या आणि बायोलॉजिकचा विचार याच भेटीत काढा. या उपचारांचा खर्च मोठा आहे, म्हणून विमा किंवा सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा. आणि फ्लूची लस या वर्षी राहून गेली असेल तर ती कधी घ्यायची ती तारीख कृती-योजनेच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहून घ्या.